जिन्याखालचा वाइन रॅक

वाइन रॅक हा शब्द आनंदाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो आपल्याच घरात, पोळ्या लाटता लाटता, आणि तोही सुनेच्या तोंडून.

काजल समोरच्या खोलीत फोनवर बोलत होती. "हो जी, तिरकी जागा असली तरी बसते. आमच्याच घरी जिन्याखाली बसवून राह्यलो आमी. वाइन रॅक हाये, पन जागेच्या मापानं बनते. फोटो पाठवतो न तुमाले."

लाटणं आनंदाबाईंच्या हातातच राहिलं. तव्यावरच्या पोळीचा वास घरभर झाला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय बसवून राह्यले तुमी जिन्याखाली?"

काजलनं फोन ठेवला. एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "चंदन सांगनार होते तुमाले, आई."

चंदन सांगणार होता, पण सांगणार कसा? दिवाळीपासून मायलेकांचं बोलणंच बंद होतं. जेवायला वाढलं की तो ताट घेऊन वरच्या खोलीत जायचा. काही हवं असलं तर काजलकरवी मागायचा.

झालं होतं असं. चंदन नाशिकला एका फर्निचरवाल्याकडे डिझाईनचं काम करायचा. ते दुकान बंद पडलं आणि नवराबायको वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरी परत आले. त्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला, साफसफाईत, माळ्यावरच्या पितळी घंगाळामागे आनंदाबाईंना दारूची अर्धी बाटली सापडली. त्यांनी ती हातात घेऊन चंदनला हाक मारली आणि तो खाली येताच, सुनेच्या देखत, त्याच्या थोबाडीत मारली.

"नाशिकचं इथं घेऊन आला तू? माह्या घरात?"

"आई, तुह्या गळ्याची शपथ, माही नाई ते."

"मंग कोनाची? माही हाये?"

तेव्हा चंदनचे वडील रूपरावच मध्ये पडले होते. त्यांनी बायकोच्या हातातली बाटली काढून घेतली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ दे आनंदा. तरनं पोरगं हाये. पुन्हा नाई करनार."

चंदननं बापाकडे पाहिलं होतं, बराच वेळ. मग तो जिना चढून गेला होता.

दुसरी एखादी आई असती तर कदाचित रागावून, रडून, चार दिवसांनी विसरली असती. पण या आनंदाबाई होत्या. सगळ्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. दुकानात बाटली मिळायची नाही, पण नाल्याच्या काठाला मोहफुलाची भट्टी लागलेली असायची. त्या भट्ट्या फोडत आनंदाबाईंची उमर गेली होती. चाळीस-पन्नास बाया घेऊन त्या पहाटे निघायच्या, मटके फुटायचे, आत आंबत घातलेला मोहाचा सडवा नाल्यात जायचा. पिऊन आलेल्या माणसाला चौकात बसवायचं, त्याच्या गळ्यात चपलांचा हार घालायचा, हे त्यांच्या दारूबंदी महिला मंडळाचं ठरलेलं होतं. आणि या सगळ्यात त्यांना स्कूटरवर मागे बसवून गावोगाव नेणारा माणूस म्हणजे रूपराव. सिंचन विभागात ओव्हरसियर. नोकरी सांभाळून बायकोच्या कामाला असा जुंपून घेणारा नवरा अख्ख्या तालुक्यात नाही, असं बाया म्हणायच्या, आणि आनंदाबाईंना ते ऐकून आतून फार बरं वाटायचं.

अशा घरात वाइन रॅक!

त्या दुपारी रूपरावांनीच समजूत काढली. चंदननं बापाला सगळं सांगितलं, बापानं आईला. पोरगा आता स्वतःचा धंदा करणार होता. बाटल्या ठेवायच्या मांडण्या. सुटे सुटे चौकोन, एकमेकांत अडकणारे. घरातली जी जागा कुणाच्याच कामाची नसते, तिथं बसवायच्या. जिन्याखाली, फ्रिजच्या बाजूच्या बोळकांडीत, दरवाजाच्या माथ्यावर. पुणे, नाशिक, गोवा इकडचं गिऱ्हाईक. माल इथं बनणार आणि पार्सलनं तिकडे जाणार.

"दारू इथं येनार नाई न," रूपराव म्हणाले. "लाकूडकाम हाये ते. पोटाचा धंदा हाये पोट्ट्याचा."

"लोक काय म्हनतीन? आनंदाबाईच्या घरी दारूचं कपाट?"

"बेलाच्या सरबताच्या बाटल्या ठेवतो आमी फोटोत," काजल हळूच म्हणाली. "लेबल दिसत नाई आई, नुसतं बूड दिसते."

आनंदाबाई शेवटी म्हणाल्या, "सरबत म्हनजे सरबतच. अन् फोटो झाला की काढून घ्याचं."

चंदन जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. तो उठला तसे रूपराव म्हणाले, "पन जिन्याखाली नको. तिथं ओल हाये. वाळवी लागन. फ्रिजच्या बाजूनं कर तू."

"फ्रिजजवळ गरमी असते, बाबा. बाटलीले गरमी चालत नाई. गिऱ्हाईक पह्यले तेच इचारते."

"मी बांधला हा जिना. मले मालूम हाये न ओल कुठं हाये ते."

चंदननं जिन्याखालच्या कपाटाकडे पाहिलं आणि तो वर गेला.

चतुर्थीला रूपराव दोन मित्रांसोबत केळझरच्या गणपतीला गेले. दरवेळी जायचे, दुपारपर्यंत परतायचे. त्यांची गाडी वळली तशी चंदननं जिन्याखालचं कपाट रिकामं करायला घेतलं. जुन्या चपला, पाण्याचं फुटकं कॅन, कूलरच्या वाळलेल्या जाळ्या. ओलीचा पत्ता नव्हता. भिंत खडखडीत कोरडी.

आनंदाबाई समोर खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. बघायचं नाही असं ठरवूनच बसल्या होत्या, पण डोळे तिकडे जात होते. चंदन काजलला समजावत होता, आवाज मात्र आईला ऐकू जाईल इतपत मोठा होता.

"हे पाह्य, जागा इकडून उंच, तिकडे उतरत उतरत जमिनीले टेकली. सुतार काय करते, उंच भागात कपाट करते अन् निमुळती बाजू बंद करून टाकते. म्हनते, तिथं हातच पोचत नाई. आपन तिथूनच सुरू कराचं. टोकाले एक घर, त्याच्या बाजूले एकावर एक दोन, मंग तीन. पायरी चढते तसं रॅक चढते."

"अन् बाटली उभी?"

"आडवी. थोडी मानेकडे उतरती. बूच ओलं राह्यलं पाह्यजे, नाईतर वाळून जाते अन् हवा शिरते. म्हनून खोली बाटलीएवढी पाह्यजे, वर बोटभर. ऊन लागू नये, हादरा बसू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात तर जिन्याखालसारखी जागा नाई. बाहेर अंगार असते, इथं हात लावून पाह्य कसं थंड हाये."

काजलनं भिंतीला तळवा लावला. आनंदाबाईंना नकळत वाटून गेलं, पोरगं हुशार आहे. बापाचं डोकं आलं आहे. मोजमापाचं.

निमुळत्या टोकाला एक प्लायवूडची फळी ठोकलेली होती, जिना बांधला तेव्हापासूनची. रूपरावांनीच बसवली होती, उंदीर शिरू नयेत म्हणून. चंदननं पेचकस लावला. वरचे दोन स्क्रू गंजून गेलेले, हलेनात. खालचे दोन मात्र त्यानं नुसत्या बोटांनी फिरवले आणि निघून आले. फळी खालून सहज उचलली गेली, एखाद्या दाराच्या झडपेसारखी.

चंदननं मोबाइलचा उजेड आत टाकला आणि तसाच ओणवा राहिला.

"काय हाये जी?" काजलनं विचारलं. "उंदीर?"

त्यानं हात घालून एक कापडाची गुंडाळी बाहेर काढली. कापड सोडलं. आत चपटी बाटली होती. रिकामी. मग दुसरी. मग एक गोणपाट ओढलं, तर ते आतल्या आत जडपणे घसरत आलं. प्रत्येक बाटलीला कापड गुंडाळलेलं, आवाज होऊ नये म्हणून.

आनंदाबाईंच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. तांदूळ फरशीभर पसरले.

"अजून?" त्यांचा आवाज चिरकला. "अजून लपवून ठेवून राह्यला तू? अन् वरून माह्या डोयात धूळ फेकाले रॅकचं नाटक?"

चंदननं हातातलं कापड आईसमोर फरशीवर पसरलं. जाड पांढरं मांजरपाट होतं, पिवळं पडलेलं. त्यावर लाल दोऱ्यानं शिवलेलं एक अक्षर होतं. दुसऱ्या तुकड्यावर दोन. आनंदाबाई खाली बसल्या. हाताला तांदूळ टोचत होते, ते त्यांना कळत नव्हतं. तो टाका त्यांचा होता. कितीतरी रात्री बसून त्यांनी ही अक्षरं शिवली होती. दारूबंदी महिला मंडळाचा पहिला फलक. नागपूरच्या मोर्च्याहून येताना गाडीत राहून गेला, असं रूपरावांनी सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा दोन दिवस हळहळ केली होती. चंदन तेव्हा घरी नव्हताच, अमरावतीच्या वसतिगृहात राहून शाळेत जात होता.

एका तुकड्यावर 'बंदी' होतं. त्यात जी बाटली होती ती भरलेली होती. नवी.

"आई," चंदन म्हणाला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो आईशी थेट बोलत होता. "मी नाई हो."

काजलनं पाणी आणलं, ते आनंदाबाईंनी घेतलं नाही. डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट जात होती. झोप लागत नाही म्हणून खालच्या खोलीत, जिन्याशेजारी झोपणारे रूपराव. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि वरून लवंग. गुडघे दुखतात म्हणून रात्री चोळलेलं निलगिरीचं तेल, ज्याचा वास सकाळपर्यंत खोलीत कोंडलेला असायचा. दर पंधरवड्याला पुलगावला बहिणीकडे जाणं. पुलगावहून नदीपलीकडे दुसरा जिल्हा लागतो, आणि तिथं बंदी नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? नाल्याच्या काठानं चालताना भट्टीचा वास त्यांना दुरून यायचा. बाया म्हणायच्या, ताईंचं नाक पोलिसांच्या कुत्र्यासारखं आहे.

"तुले मालूम होतं?" त्यांनी चंदनला विचारलं.

"वाटलं होतं. माळ्यावरची बाटली माही नव्हती, तुही नव्हती, काजलची नव्हती. घरात अजून कोन हाये, आई?"

"मंग काऊन नाई बोलला?"

"तू मानली असती?"

आनंदाबाईंनी 'बंदी' शिवलेला तुकडा उचलून मांडीवर घेतला.

रूपराव आले ते हातात प्रसादाची पुडी घेऊन, कपाळावर शेंदूर. दारातच थबकले. फरशीवर तांदूळ, मध्ये बाटल्या, त्या बाटल्यांच्या मागे बसलेली बायको. त्यांनी चपला काढल्या, पुडी देवापुढे नेऊन ठेवली आणि परत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. पळाले नाहीत.

"कधीपासून?" आनंदाबाईंनी विचारलं.

"कालव्याच्या साइटवर होतो तवापासून."

"म्हनजे मंडळ काढलं त्याच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"तुमी माह्यासोबत मटके फोडत होते! काठी घेऊन सगळ्यांच्या समोर राहत होते!"

"फोडत होतो," रूपराव म्हणाले. "दर वेळी वाटे, आज सुटन. एवढ्या लोकांसमोर फोडलं, आज घरी जाऊन घेनार नाई. अन् घरी आलो की…" ते थांबले. "तुले सांगाचं म्हनून किती वेळा बसलो. पन तू आनंदाबाई झालती. साऱ्या जिल्ह्याची. तुले कसं सांगाचं?"

आनंदाबाईंनी ते ऐकून घेतलं. हे सगळं त्या कदाचित सोसू शकल्या असत्या. पण त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"मी पोराले मारलं," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमी इथंच उभे होते. तुमी म्हनले, तरनं पोरगं हाये. पुन्हा नाई करनार."

रूपरावांनी चंदनकडे पाहिलं.

"तुमी तुमचं पाप लेकराच्या अंगावर घातलं, अन् वरून त्याले माफ केलं?"

रूपराव भिंतीवरून घसरत खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. एवढ्या संसारात आनंदाबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना दया यायला हवी होती. आली नाही. काहीच आलं नाही. ज्याच्या मागे स्कूटरवर बसून अर्धा जिल्हा फिरलो, तो कोण होता, एवढंच त्या विचारत होत्या, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा.

मग त्या उठल्या, चंदनसमोर गेल्या. "माहं चुकलं, बाबू," म्हणाल्या.

चंदननं मान हलवली. "आत्ता नको, आई." तो खाली वाकून तांदूळ गोळा करायला लागला.

दुसऱ्याच दिवशी रूपरावांनी पिणं सोडतो म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात असे थरथरू लागले की चहाचा कप धरवेना, घाम थांबेना. चंदन घाबरला. बापाला गाडीत घालून त्यानं सरळ दवाखान्यात नेलं. हे एकदम असं सोडायचं नसतं, औषधावर सोडवावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी भरती करून घेतलं. त्यांच्याजवळ चंदन बसायचा. आनंदाबाई डबा पाठवायच्या. स्वतः गेल्या नाहीत.

त्याऐवजी त्या मंडळाच्या बैठकीला गेल्या. बाहेरून कळण्याआधी आपणच सांगायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. समाजमंदिराच्या सतरंजीवर बाया बसलेल्या होत्या. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. "मंडळाची अध्यक्ष राहाची माही लायकी नाई," त्या शेवटी म्हणाल्या आणि बसल्या.

मागून मीराबाई उठल्या. मंडळात पहिल्या दिवसापासून असलेली बाई. तिचा नवरा लक्ष्मणराव एके काळी अट्टल पिणारा होता, मंडळानं चौकात बसवल्यावर सुटला. आनंदाबाई प्रत्येक भाषणात त्याचं उदाहरण द्यायच्या.

"मंग तुमच्या मालकालेही चौकात बसवाचं काय, ताई?" मीराबाईंनी विचारलं.

सतरंजीवर कुजबुज झाली. आनंदाबाई उभ्या राहिल्या. "मंडळानं म्हनलं तर," त्या म्हणाल्या, "मी स्वतः घेऊन येतो."

"नका आनू," मीराबाई म्हणाल्या. "माह्या मालकाले बसवलं होतं न, त्या दिवशी मी दाराले कडी घालून घरात पडलती. पोरं शाळेत जात नव्हती नंतर. पोट्टे हसत त्यायले. अन् ते काई चौकात बसून सुटले नाई, ताई. अजून वर्षभर पीत होते, लपून. मंग हळूहळू सुटले. तुमाले कधी सांगतलं नाई मी. तुमी एवढ्या खुशीनं सांगत होत्या सगळ्यायले."

आनंदाबाईंना जिन्याखालची फळी पुन्हा एकदा उचलल्यासारखं वाटलं, आणि आत तसाच काळोख. आपण काय काय फोडलं इतकी वर्षं? मटके फोडले हे खरं. पण त्यासोबत आणखी काय फुटलं, ते कुणी बोलून दाखवलं नाही. त्या घरी कशा आल्या, ते त्यांना आठवलं नाही.

त्यानंतर चारेक दिवसांनी त्या मीराबाईंच्या घरी गेल्या. माफी मागायची म्हणून गेल्या होत्या. लक्ष्मणराव ओट्यावर बसून खाटेची नवार ताणत होते. आनंदाबाईंना पाहून ते उठले, खाट सरकवून दिली. त्या बसल्या. ज्या माणसाच्या गळ्यात आपण चपलांचा हार घातला, त्याला काय म्हणून सुरुवात करायची?

लक्ष्मणरावांनीच विचारलं. "रूपरावजी घरी आले काय, वहिनी?"

"काल आनलं."

"झोप येते?"

"मले नाई मालूम," आनंदाबाई म्हणाल्या. "मी त्यायच्याशी बोलत नाई."

लक्ष्मणरावांनी नवारीची गाठ मारली. "रात्रीले जीव लय घाबरते," ते म्हणाले. "वाटते, आता काई खरं नाई. कोनी जवळ बसलं पाह्यजे. तुमाले नाई जमत तर राहू द्या. मी येऊन बसतो."

आणि ते आले. संध्याकाळी, धुतलेला सदरा घालून, सायकल फाटकाशी लावून. रूपरावांनी त्यांना दारात पाहिलं आणि तोंड फिरवलं, मग हळूहळू इकडे वळवलं. बाहेरच्या खोलीत चंदन नाशिकला जाणारा पहिला रॅक खोक्यात भरत होता, काजल चिकटपट्टी कापून देत होती. आनंदाबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. खालच्या खोलीतून दोन माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता आवाज. मध्येच रूपराव काहीतरी विचारत होते आणि लक्ष्मणराव सावकाश उत्तर देत होते.

त्यांनी चहा ठेवला. आधाण आलं, उतू गेलं, त्यांनी गॅस बारीक केला. मग दोन कप भरले आणि थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी कप काजलच्या हाती न देता स्वतः उचलले, आणि त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या.